अंतूशेठच्या दुकानातली कसोटी

लोक मला अजून विचारतात, "तुम्ही त्या काळातले क्रिकेटवेडे. एखादा कसोटी सामना डोळ्यांनी पाहिलात की नाही?"

नाही. एकही नाही!

आमच्या बाकावरच्या कुणीच पाहिला नव्हता. सामने व्हायचे मुंबईला, कलकत्त्याला, मद्रासला, नाहीतर थेट विलायतेत. आम्ही बसलेले रत्नागिरीत. रेडिओ आमच्यापैकी कुणाच्या घरी नव्हता. मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने यायचं आणि हातात पडेपर्यंत शिळं व्हायचं. म्हणजे तिकडे सामना संपून खेळाडू आगगाडीत बसलेले, आणि इकडे आमचा शेवटचा दिवस नुकता कुठे सुरू झालेला. निकाल लागलाय, साऱ्या मुंबईला ठाऊक आहे, आपल्यालाच ठाऊक नाही! त्या तगमगीत माणूस काय वाटेल ते बोलतो आणि त्याहून वाईट म्हणजे काय वाटेल ते करतो. किस्से साचतात ते असे. त्यातून सांगणारे एकेक करून कमी होत जातात आणि त्यांच्या वाटणीचे किस्से उरलेल्यांकडे येतात. आता मी एकटाच उरलोय. सगळ्यांचा बोजा माझ्याच डोक्यावर!

तर, तारऑफिसाच्या समोर अंतूशेठचं सोडावॉटरचं दुकान. बाहेर एक लांब बाक. त्या बाकावर भाऊ वकील, दाऊदचाचा आणि मी. मी तेव्हा कोर्टाच्या कचेरीत नकलनवीस होतो, निकालांच्या नकला काढायचो. भाऊंची वकिली बरी चालायची, पण खरी चालायची ती बाकावर. दाऊदचाचा राजिवड्याचे. आगबोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. सगळे समुद्र पालथे घालून आता घरी बसलेले. अंतूशेठना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. दुकान त्यांचं, म्हणून ते आमच्यात.

* * *

मुंबईची कसोटी चालू होती. तेव्हा बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राहायची. उतारू आणि टपालाची पोती पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, किनाऱ्याला यायची. मग टपाल फोडणार, लावणार, वाटणार. भाऊंना एवढा दम कुठला!

"मी सरळ बोटीवर जातो," भाऊ म्हणाले. "कुणाही उतारूकडे पेपर असणारच. वाचतो आणि त्याच पडावातून परत येतो. अर्ध्या तासाचं काम!"

गेले. काळा कोट, पगडी, हातात छत्री, अशा थाटात जाणाऱ्या उतारूंच्या गर्दीत पडावात चढले. वर डेकवर त्यांना पेपर नाही मिळाला. त्याहून भारी काहीतरी मिळालं. मालवणचा एक गृहस्थ भेटला. त्याने दोन दिवसांचा खेळ मैदानात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता!

झालं. भाऊंनी त्याची उलटतपासणी सुरू केली. पहिला चेंडू कुणी टाकलान्? कव्हरला कोण उभा होता? झेल खरंच सुटला, की झेलणारा उन्हाने दिपला? मधे कधीतरी भोंगा झाला. भाऊंना वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी बोटीचा असेल. मान वर करून बघतात तर दीपगृह मागे पडलेलं!

भाऊ उतरले थेट पुढच्या बंदराला, जैतापूरला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांच्या दाव्याचा पुकारा झाला. भाऊ नाहीत. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "पक्षकाराचे वकील कुठे आहेत?"

विरुद्ध बाजूचे वकील उभे राहिले. त्यांना एकतर्फी निकाल मागता आला असता. पण तेही आमच्यासारखेच वेडे. "साहेब," ते म्हणाले, "ते स्कोअर आणायला गेलेत."

मी नकला काढायच्या सोडून कान टवकारले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली, चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तहकूब! आणि स्कोअर आला की आधी कोर्टाला कळवावा."

* * *

पायचीत या विषयावर आमच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी तर जमिनीच्या बांधावरून भावाभावांतही झाली नसतील.

एकदा बातमी आली, आपला चांगला जमलेला फलंदाज पायचीत. भाऊ खवळले. "शक्यच नाही! चेंडू बाहेर जात होता."

"तुम्ही जैतापुरातून पाहिलात काय?" मी म्हणालो. ते वर्म होतं. भाऊ ताडकन उठले.

"प्रात्यक्षिक करू!"

सोड्याचं रिकामं खोकं उभं केलं, ते स्टंप. छत्री घेऊन भाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. चेंडू म्हणून मी अंतूशेठच्या टोपलीतलं एक टणक लिंबू उचललं. दाऊदचाचा पंच. मी चार पावलं धावत येऊन लिंबू टाकलं, ते टप्पा पडून वळलं आणि भाऊंच्या नडगीवर फटकन बसलं.

"आउट!" मी ओरडलो.

"मुळीच नाही!" भाऊ नडगी चोळत ओरडले.

चाचा म्हणाले, "लिंबू कुठनं वळलं ते आधी बघू. परत टाका तेच लिंबू. दुसरं नको, ते तसं वळायचं नाय."

सगळ्यांनी लिंबू शोधायला सुरुवात केली. बाकाखाली नाही, गटारात नाही. आणि बघतो तर अंतूशेठनी ते केव्हाच उचललेलं, धुतलेलं, कापलेलं आणि एका गिऱ्हाइकाच्या पेल्यात पिळलेलं! गिऱ्हाईक खेडशीकडचा एक पोक्त शेतकरी. त्याने शेवटचा घोट घेऊन पेला खाली ठेवला.

भाऊंनी छत्री त्याच्या छातीवर रोखली. "अहो, हे काय केलंत? मुद्देमाल प्यालात तुम्ही!"

तो बिचारा कोर्टाच्या कामालाच गावात आलेला. असा पळाला, की पुन्हा म्हणून त्या रस्त्याने दिसला नाही.

* * *

आमच्यात विलायतेचं मैदान पाहिलेला माणूस एकच, दाऊदचाचा. त्यांची बोट तिकडे गोदीत लागली असताना कुणीतरी त्यांना सामन्याला नेलं होतं. त्यामुळे वाद कितीही पेटला तरी शेवटचा शब्द चाचांचा. "विलायतेत असं नाय करत," असं ते म्हणाले की संपलं. अपील नाही!

बरीच वर्षं हे चाललं. मग एकदा स्लिपमधला खेळाडू वाकून उभा राहतो की ताठ, यावरून माझं आणि भाऊंचं इतकं जुंपलं, की आम्ही दोघंही एकेका बाजूने चाचांच्या अंगावर गेलो.

"चाचा, तुम्ही सांगा! वाकून ना?"

"चाचा, खरं सांगा! ताठ ना?"

चाचांनी एकदा भाऊंकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आज खरं सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवशी जो पाऊस लागला तो संध्याकाळपर्यंत. एक माणूस मैदानात आला नाय. मी बगितल्या त्या छत्र्या!"

भाऊ थक्क. "मग इतकी वर्षं आम्हाला हे जे सांगत होतात..."

"तुम्ही विचारत होता," चाचा म्हणाले. "नाय म्हणायला वाईट वाटायचं."

गंमत म्हणजे यानंतरही शेवटचा शब्द त्यांचाच राहिला. छत्र्या का होईना, विलायतेतल्या होत्या!

* * *

समोरच्या ऑफिसातले तारमास्तर म्हणजे देशावरचा माणूस, कडक. साऱ्या दुनियेच्या तारा त्यांच्या कानांवरून जायच्या. मुंबईच्या सामन्याची खबर गावात सगळ्यांत आधी कळत असेल तर त्यांना. पण तारेतला शब्द बाहेर सांगायचा नाही, अशी शपथ घेतलेली. संध्याकाळी ते दुकानावरून घरी जायचे तेव्हा आम्ही चौघं नुसते त्यांच्या तोंडाकडे बघायचो. त्यांची चाल, त्यांची भुवई, त्यांचं पान चघळणं, सगळ्याचा अर्थ लावायचो. अर्थ दर वेळी चुकायचा.

एकदा विलायतेत सामना होता. ऐन पावसाळा, बोटी बंद, पेपर घाटावरून फेरा घालून केव्हा येईल तेव्हा. शेवटचा दिवस. भाऊंनी रस्ता ओलांडून मास्तरांना गाठलं.

"मास्तर, तोंडाने काही सांगू नका. तुमच्या शपथेला धक्का नको. आपण हरलो, तर फक्त ही खिडकी लावून घ्या."

मास्तर मान खाली घालून यंत्र बडवत राहिले. भाऊ परत येऊन बसले. आम्ही दुकानाच्या आत दाटीवाटीने उभे, डोळे खिडकीवर. तीन वाजायच्या सुमारास मास्तर उठले, खिडकीशी आले आणि त्यांनी धाडकन खिडकी लावून घेतली!

अंतूशेठनी स्वतःच्या हाताने दुकानाची एक फळी लावली. भाऊ न जेवता झोपणार असं म्हणाले. मी कचेरीत गेलो आणि एकाच निकालाची दोनदा नक्कल काढली.

संध्याकाळी मास्तर निघाले. भाऊ त्यांना आडवे गेले. "मास्तर, फार वाईट झालं हो. कितीने हरलो, तेवढं तरी..."

"कोण हरलं?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही खिडकी लावलीत!"

"वकीलसाहेब, झड आत येत होती. कागद भिजत होते. आणि तीन वाजता विलायतेत सकाळ असते! सामना सुरू व्हायचा होता तिकडे!"

एवढं बोलून मास्तर चार पावलं गेले, थांबले आणि आपण काही शपथेबाहेरचं तर बोललो नाही ना, याचा विचार करत तिथेच पावसात उभे राहिले.

* * *

भाऊंच्या घरचा हा किस्सा खुद्द वहिनींनी सांगितलेला.

मद्रासच्या सामन्याचा शेवटचा दिवस सुट्टीच्या दिवशी आला. कोर्ट बंद, अंतूशेठ लग्नाला गेलेले म्हणून दुकान बंद. भाऊ घरी. सकाळपासून त्यांची ओटीवरून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून ओटीपर्यंत फेरी चाललेली. मधेच थांबायचे आणि आंब्याला सांगायचे, "पहिल्यापासून मारायला नको होतं!" पुन्हा चालू.

वहिनी तासभर बघत होत्या. मग त्यांनी दोन घागरी आणून विहिरीच्या काठावर ठेवल्या.

"अहो, तसे चालताच आहात, तर जाता येता एकेक भरून आणा."

भाऊंचं लक्षच नव्हतं. त्यांनी घागर उचलली. पहिल्या तासात घरातला हंडा भरला. मग न्हाणीघरातला बंब. मग परसातली दगडी दोणी. दुपारी जेवून उठले ते पुन्हा विहिरीवर. पोफळींच्या आळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून आपली कळशी पुढे केली, तीही भरून मिळाली. दिवस मावळताना भाऊ थांबले, कारण ओतायला जागा उरली नव्हती.

यथावकाश पेपर आला. आपण हरलो होतो. भाऊ डोक्याला हात लावून बसले. तळहाताला फोड आलेले.

वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हरले तर हरले हो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं! पुढची कसोटी कधी म्हणालात?"

* * *

आता कलकत्त्याची तेवढी राहिली.

विलायतेचा संघ त्या थंडीत आपल्याकडे आला होता. भाऊंचे एक साडू कलकत्त्याला नोकरीला होते. शेवटच्या दोन दिवसांची तार करायचं त्यांनी कबूल केलं होतं. आदल्या संध्याकाळी पहिली तार आली. आपल्यावर फॉलोऑन आलेला. शेवटचा अख्खा दिवस उभं राहून काढला तर सामना वाचणार, नाहीतर गेला!

सकाळी दहापासून आम्ही बाकावर. मी कचेरीत पोटदुखी कळवलेली.

रमजानचा महिना होता. दाऊदचाचांचा रोजा. तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी आमच्याबरोबर बसलेले. दुपारी बारा वाजता ते उठले. रस्ता ओलांडून तारऑफिसच्या खिडकीशी गेले, मास्तरांशी काहीतरी बोलले आणि परत आले. हे ते वीसेक दिवस रोज करत होते. आम्ही चेष्टा करायचो, "काय चाचा, मास्तर फुटले काय?" ते म्हणायचे, "नाय. काय नाय आलं." सामना नसेल त्या दिवशीही जायचे, तेव्हा तर आम्ही जास्तच हसायचो.

दोनच्या सुमारास चाचा पुन्हा उठले. भाऊंचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. ते एकदम कडाडले, "चाचा, बसा हो एका जागी! तुम्ही त्या खिडकीशी गेलात की काहीतरी वाईट होतं. काल गेलात आणि फॉलोऑन आला! आजचा एक दिवस नका जाऊ!"

चाचा उभे होते ते खाली बसले. खरंच बसले! हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझा पोरगा इस्माईल आहे ना वकीलसाहेब, तो रंगूनवरनं निघालाय. मालाच्या बोटीवर. कलकत्त्याला लागायला पायजे होती बोट. तीन आठवडे झाले. मुंबईच्या ऑफिसवाले सांगतात, खबर नाय. घरात बायकांना मी सांगितलेलं नाय. म्हणून जातो तिथे. मास्तरांना म्हायत आहे."

वीस दिवस आम्ही हसत होतो.

भाऊ उठले. चाचांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना उभं केलं आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. खिडकीशी थोडा वेळ थांबले. परत आले तेव्हा भाऊंनी आमच्याकडे बघून फक्त मान हलवली. नाही.

क्रिकेट बोलायची लाज वाटत होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. अंतूशेठ तीच बाटली पुन्हा पुन्हा पुसत होते. असा अर्धा तास गेला असेल. शेवटी चाचाच म्हणाले, "बोला रे! गप नका बसू. तुम्ही भांडता, त्यात माझा वेळ जातो."

भाऊंनी घसा साफ केला. "माझं म्हणणं असं," ते म्हणाले, "की आज एकाही चेंडूला हात लावता कामा नये."

"चूक!" मी म्हणालो. "मारलं नाही तर ते अंगावर येतील."

"येऊ देत!"

"मग झेल जाईल!"

त्या दुपारी भाऊ जे बोलले, तसे ते कोर्टात कधी बोलले नसतील. कलकत्त्याचं मैदान त्यांनी बाकासमोर उभं केलं. एकेक षटक खेळवलं. आवाज बसला तरी थांबले नाहीत. मी दर वाक्याला विरोध करत होतो. अंतूशेठसुद्धा मधेच म्हणाले, "आणि त्यांचा चेंडूच हरवला तर?" कुणी हसलं नाही, पण चाचांनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं.

ऊन उतरलं. साडूंच्या तारेचा पत्ता नव्हता. चाचांनी रोजा सोडायला रुमालात बांधून आणलेला खजूर बाहेर काढला आणि हातात धरून बसले. घरी जायची वेळ झाली होती, पण ते उठेनात.

इतक्यात समोरचं दार उघडलं. तारमास्तर बाहेर आले. शिपाई नाही, डोक्यावर टोपी नाही, हातात एक कागद. एवढ्या वर्षांत हा माणूस कामाच्या वेळी रस्ता ओलांडून कधी आला नव्हता.

"साडूची!" भाऊ ओरडले आणि हात पुढे करून उभे राहिले.

मास्तर त्यांच्या बाजूने पुढे गेले आणि त्यांनी तार दाऊदचाचांच्या हातात दिली.

चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तर खाली बघत होते. शपथ! चाचांनी कागद भाऊंपुढे धरला.

भाऊंनी चष्मा लावला. मनात वाचलं. मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "सुखरूप पोचलो. सामना अनिर्णित. इस्माईल."

अंतूशेठनी आमच्याकडे पाठ केली. मास्तर आल्या पावली परत गेले. मशिदीतून बांग ऐकू आली.

"परत वाचा," चाचा म्हणाले.

भाऊंनी परत वाचलं. या वेळी त्यांना ते नीट वाचता आलं नाही.

चाचांनी खजूर तोंडात टाकला. सावकाश चावला, गिळला. दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "येडाच आहे! आपले गडी किती उरले होते, ते नाय लिवलान!"